पोरांना माझ्यापेक्षा चांगलं वेल्डिंग येतं, मी काय शिकवू?

पत्र

सर, सिंधुदुर्गातल्या एका आयटीआयमध्ये जूनपासून वेल्डर ट्रेडला शिल्पनिदेशक म्हणून लागलो आहे. माझा डिप्लोमा झालाय, पण हाताला सराव कमी. वर्गात वीस प्रशिक्षणार्थी आहेत. त्यातले सहा-सात जण सुट्टीत काकाच्या, मामाच्या गाळ्यावर ग्रिल-गेटचं काम करतात. त्यांचं बीड (जोडावर पडणारी वितळलेल्या धातूची रेघ) माझ्यापेक्षा देखणं पडतं आणि ते त्यांना ठाऊक आहे. बाकीचे ठिणगीलाच घाबरतात, रॉड चिकटला की होल्डर टाकून मागे सरतात. पावसात रॉड सादळतात, लाईट जाते, प्लेटा पुरत नाहीत. गाळेवाली मुलं म्हणतात, ‘सर, नुसत्या रेषा किती दिवस मारायच्या? गेट बनवूया.’ एक मुलगी आहे, तिचे वडील परवा येऊन विचारून गेले की ट्रेड बदलून मिळेल का. मी शिकवायला लायक आहे का, हा प्रश्न रोज रात्री पडतो.
— एक निदेशक

उत्तर

नमस्कार.

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. तुम्ही लायक आहात. ज्याला आपल्या हाताची शंका येते तो निदेशक मुलांना धोका देत नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्याही वर्गात असा एक मुलगा होता. बंदरावरचा, वडील बोटींची दुरुस्ती करायचे. त्याचं बीड म्हणजे शेवईसारखं एकसारखं. मी सहा महिने त्याच्यासमोर होल्डर हातात धरायचं टाळलं. फळ्यावर करंट आणि व्होल्टेज शिकवत राहिलो. आमच्या वर्कशॉपमध्ये एक जुने फिटर होते, ते सगळं बघत होते. एका दुपारी त्यांनी माझ्यापुढे हॅकसॉ (लोखंड कापायची करवत) ठेवली आणि म्हणाले, “मास्तर, वरून काय बघत बसलात? मोडून बघा.” आम्ही त्या मुलाचा एक जोड मोडला आणि माझा एक मोडला. दोन्ही आतून फसलेले निघाले. माझ्या जोडात स्लॅग (रॉडच्या लेपाची वितळून गोठलेली खपली) अडकली होती. त्याचं बीड वरून सुंदर आणि खाली मूळच, म्हणजे दोन पट्ट्या भेटतात तो तळच, लागलेलं नव्हतं. पट्टीची कापलेली कड जशीच्या तशी, सरळ, करवतीच्या खुणांसकट दिसत होती. तो मुलगा कितीतरी वेळ ते दोन तुकडे हातात धरून उभा होता. त्या दिवसापासून मी शिकवायला लागलो असं मी मानतो.

तेव्हा माझा सल्ला एकच आहे, बाकीचं सगळं त्याच्या आसपासचं: वर्गाला जोड मोडायची सवय लावा, आणि पहिला जोड तुमचा स्वतःचा मोडा. सगळ्यांसमोर.

कसं करायचं ते सविस्तर सांगतो. ६ मिमी जाडीच्या दोन पट्ट्या घ्या, चार-पाच इंच लांबीच्या. एक आडवी, एक तिच्यावर उभी, उलट्या टी सारखी. दोन टोकांना टॅक (छोटे टाके) मारा आणि एकाच बाजूने फिलेट (कोपऱ्यात भरायचं वेल्ड) घाला. दोन्ही बाजूंनी नाही, नाहीतर मोडणार नाही. थंड होऊ द्या. स्लॅग काढा, वायर ब्रश मारा आणि आधी वरून सगळ्यांना बघू द्या. प्रत्येकाला विचारा: चांगलं आहे की वाईट? वहीत लिहायला लावा. मग बीडच्या मधोमध लांबीने हॅकसॉची उथळ खाच पाडा, आडवी पट्टी व्हाईसमध्ये घट्ट धरा आणि उभी पट्टी वेल्ड ज्या बाजूला आहे त्याच बाजूला हातोड्याने पाडा. त्यामुळे जोडाचं मूळ उघडतं. गॉगल सगळ्यांना, आणि हातोड्याच्या समोर कुणी उभं राहायचं नाही.

तुटलेला भाग उन्हात नेऊन दाखवा. एकसारखा करडा, बारीक दाणेदार दिसला तर वेल्ड आतपर्यंत गेलंय. सुईने टोचल्यासारखी किंवा किड्याने पोखरल्यासारखी भोकं दिसली तर रॉड सादळलेला होता, आर्क (रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत) लांब धरला होता किंवा पट्टीवर तेल-गंज होता. काळी काचेसारखी रेघ म्हणजे स्लॅग आत अडकली. आणि पट्टीची मूळ कड न वितळता तशीच राहिली असेल तर करंट कमी, नाहीतर रॉडचा कोन चुकला, नाहीतर हात घाईत पुढे गेला. हे चार प्रकार ओळखता आले की मुलगा आपल्या चुकीचं कारण स्वतः शोधायला लागतो. मग वीस जणांमागे तुम्हाला धावावं लागत नाही. कधी पट्टी पूर्ण आडवी होते पण तुटत नाही. तसं झालं तर जोड पक्का आहे; ती पट्टी फेकू नका, वर्गात टांगून ठेवा.

तुमचा जोड पहिल्या दिवशी फसला तर? फसू द्या. “हे मूळ लागलं नाही, का लागलं नसेल?” एवढंच वर्गाला विचारा. ज्या मुलांसमोर तुम्ही तुमची चूक उघडून ठेवलीत ती मुलं पुढे आपली चूक रंगाखाली लपवणार नाहीत. आणि हाताच्या सरावाचं म्हणाल, तर सकाळी वर्ग भरायच्या आधी अर्धा तास रोज एक पट्टी करा. दिवाळीपर्यंत तुमचा हात बसलेला असेल.

आता गाळेवाली मुलं. त्यांचा अपमान होईल असं काही करू नका. त्यांच्या हातात खरी कला आहे, फक्त ती दुसऱ्या कामाची आहे. ग्रिलचा पाईप दीड मिमीच्या आसपास जाडीचा असतो. त्याला भोक पडू नये म्हणून ती मुलं करंट कमी ठेवतात आणि टिपके मारत मारत पुढे जातात. पातळ पाईपला तो हात बरोबर आहे. तोच हात ६ मिमीच्या पट्टीवर चालवला की धातू नुसता वर बसतो, आत जातच नाही. वरून मात्र झकास दिसतो. हे त्यांना तोंडाने सांगाल तर “काकाच्या गाळ्यावर असंच करतात, गिऱ्हाईक पैसे देतं” असंच उत्तर येईल. त्यांच्याच हाताने त्यांचाच जोड मोडू द्या, काही बोलू नका. मग ३.१५ मिमीच्या रॉडला १०० ते १२० अँपिअरच्या दरम्यान करंट ठेवून तीच पट्टी परत करायला सांगा. मशीनच्या डायलवर फार विश्वास ठेवू नका, जुन्या मशीनचा काटा काहीही दाखवतो. आधी भंगार तुकड्यावर मारून बघा.

एक सवय मात्र पहिल्या दिवशीच मोडा: “एक टाका तर मारायचाय” म्हणून डोळे मिटून टॅक मारण्याची. गाळ्यावर हे सर्रास चालतं. त्याचा हिशेब त्या क्षणी होत नाही. सहा-आठ तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी गळतं, उजेड सहन होत नाही. मग घरची माणसं बटाट्याच्या चकत्या ठेवतात, दुधाचे थेंब घालतात. डोळ्यांत दूध-बिध काही घालायचं नाही हे पालकांनाही कळवा. अंधाऱ्या खोलीत बसायचं, मिटलेल्या डोळ्यांवर गार पाण्याची घडी ठेवायची आणि डॉक्टरकडे जायचं. साधारण दिवस-दोन दिवसांत उतरतं, पण वर्षानुवर्षं असं करत राहणं बरं नव्हे. आणि हे शेजारी उभ्या असलेल्यालाही होतं, म्हणून प्रत्येक बूथला पडदा हवाच. कॅनव्हास मिळाला नाही तर जुनी जाड ताडपत्री गडद मळकट रंगात रंगवून लावा, पण ठिणगीने पेट घेणार नाही अशी. मास्कची काच दहा-अकरा नंबरची आहे की कुणी कधीतरी दुसरीच घालून ठेवलीय, हे एकदा सगळे मास्क उघडून तपासा.

घाबरणाऱ्या मुलांकडे येतो. खरं तर माझा जीव यांच्यात जास्त अडकतो, कारण यातलेच पुढे सगळ्यात काळजीपूर्वक काम करणारे निघतात. आठवडाभर त्यांना मशीन बंद ठेवून रॉड चालवू द्या. कोपर टेबलावर किंवा बरगडीला टेकवायचं, दुसऱ्या हाताने मनगटाला आधार द्यायचा, रॉड पुढे जाण्याच्या दिशेला जरासा कललेला, आणि खडूने ओढलेल्या रेषेवरून एका लयीत सरकवायचा. रॉड वितळून आखूड होत जातो, म्हणून हात पुढे जाता जाता खालीही यायला हवा. ही दुहेरी चाल आर्क चालू असताना शिकवता येत नाही, भीतीच सगळं लक्ष खाते.

मग मशीन चालू करा आणि तुम्ही मागे उभं राहून त्यांच्या हातावर तुमचा हात ठेवा. काडीपेटीची काडी ओढतात तसा रॉड ओढायला सांगा. चिकटला तर मनगटाला झटका देऊन सोडवायचा. नाही सुटला तर होल्डरची मूठ दाबून रॉडच सोडून द्यायचा, होल्डर फेकायचा नाही. रॉडला उघडा हात लावायचा नाही. चिकटणं ही चूक नाही, करंट कमी असल्याचा किंवा रॉड ओला असल्याचा निरोप आहे, असं सांगा.

आणि त्यांना कानाने शिकवा. आर्क बरोबर लांबीचा असला, म्हणजे रॉडच्या तारेच्या जाडीएवढा, की आवाज कसा येतो? रव्यात घोळलेला बांगडा तापल्या तव्यावर पडल्यावर जी एकसारखी चुरचुर होते, तसा. आर्क लांबला की फडफड आणि हवेचा सूं सूं. माझ्या वर्गात मी मुलांना जोड्यांनी बसवायचो. एक जण वेल्डिंग करणार, दुसरा पडद्यामागे पाठ करून नुसता ऐकणार आणि “लांबला... आला... आता बरोबर” असं बोलत राहणार. आठ दिवसांत ऐकणाऱ्याचाही हात सुधारायचा. तिसरी गोष्ट, नजर. नवीन मुलगा लखलखाटाकडे बघतो. त्याला आर्कच्या मागचं तळं बघायला शिकवा. वितळलेला धातू पाण्यासारखा हलतो आणि मागे स्लॅग दुधावरच्या सायीसारखी सरकत येते. ती साय पुढे येऊन तळ्याला गाठायला लागली की स्लॅग आत अडकणार. हे एकदा दिसलं की भीती आपोआप जाते, कारण बघायला काहीतरी सापडलेलं असतं.

पावसाचं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीलाच घाम येतो तिथे रॉडचं काय. साधा ई ६०१३ रॉड थोडा सादळला तर १०० अंशाच्या जरा वर तासभर तापवला की बहुधा पूर्ववत होतो. ई ७०१८ ची गोष्ट वेगळी. तो लो हायड्रोजन रॉड. त्याला ३०० ते ३५० अंशाला तासभर तरी ओव्हनमध्ये भाजावंच लागतं आणि वापरेपर्यंत गरम ठेवावं लागतं. नाहीतर ओलाव्यातला हायड्रोजन जोडात शिरतो आणि वेल्ड थंड झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, आतून तडकतं. ओव्हन नसेल तर पत्र्याची पेटी घ्या, तळाला जुना पिवळा दिवा लावा, वर जाळीवर रॉडची पाकिटं ठेवा. हे कोरडे रॉड कोरडे ठेवायला पुरेसं आहे, ओल्या ७०१८ ला वाचवायला नाही, एवढा फरक मुलांच्या लक्षात आणून द्या. तीन रॉड घ्या, एक पेटीतला, एक उघड्यावर पडलेला, एक मुद्दाम पाण्यात बुडवलेला आणि मग वरवर पुसून हवेत सुकवलेला. तीन पट्ट्या करून मोडायला लावा. त्यानंतर रॉडचं पाकीट उघडं टाकणारा मुलगा मला तरी दिसला नाही.

ओलाव्याचा दुसरा धोका जिवाचा आहे. मशीन चालू असून आर्क नसतो तेव्हा होल्डरवर ८० व्होल्टच्या आसपास दाब असू शकतो. कोरड्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, म्हणूनच तो बेफिकीर होतो. घामाने भिजलेला शर्ट, ओले हातमोजे, जमिनीवर पाणी आणि लोखंडावर मांडी घालून बसलेला मुलगा, एवढं जमलं की तोच दाब जीव घ्यायला पुरतो. पायाखाली कोरडी फळी किंवा रबरी मॅट, रॉड बदलताना कोरडे हातमोजे, आणि केबलची साल गेली असेल तर त्या दिवशी ते मशीन बंद. कितीही काम अडलं तरी.

प्लेटा कमी पडतात म्हणालात. एकाच पट्टीवर बीडला बीड लावत दोन्ही बाजू भरून घ्या, मग तीच पट्टी कापून जोडाला वापरा. गावातल्या गाळ्यांवरून कापलेले तुकडे मागायला संकोच करू नका, बहुतेक जण देतात. फक्त दोन गोष्टी आणू नका. जस्ताचा मुलामा असलेले जीआय पाईप, कारण त्या पांढऱ्या धुराने रात्री हिवतापासारखी थंडी भरते. गूळ खाल्ला किंवा दूध प्यायलं तरी ती टळत नाही. आणि कुठलाही बंद डबा, ड्रम, टाकी.

टाकीबद्दल मी दरवर्षी सांगतो, इथेही सांगतो. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका बोटीची डिझेलची टाकी आमच्याकडे चीर बुजवायला आली. रिकामी होती, पाण्याने विसळलेली होती. मी नको म्हणायला हवं होतं. ओळखीचा माणूस, सीझन तोंडावर, मी हो म्हटलं. आर्क लागल्याबरोबर एका टोकाचा पत्रा उघडला आणि झाकण छपराचा पत्रा फाडून बाहेर गेलं. वेल्डिंग करणारा मुलगा वाचला, कारण तो टाकीच्या टोकाला नव्हता, बाजूला होता. एवढंच कारण. टाकी रिकामी होती, पण वाफ आतच होती आणि पेटते ती वाफ. बंदराजवळच्या मुलांना उद्या हेच काम कुणीतरी पाचशे रुपयांत करायला सांगणार आहे. नाही म्हणायला आत्ता शिकवा.

गेट बनवूया म्हणतात ना, बनवू द्या. ज्याचा फिलेट मोडून पास झाला त्याला काम, हा नियम ठेवा. आधी लहान वस्तू: स्टूल, कुंडीचा स्टँड, आंबे काढायच्या झेल्याची कडी. मग गेट. आणि गेट करताना आपल्या हवेचं शिकवा, कारण हे पुस्तकात मिळणार नाही. ठिकठिकाणी टाके मारून सोडलेल्या गेटमध्ये दोन पट्ट्यांच्या फटीत खारं पाणी बसतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथून तांबूस ओघळ सुरू होतो. पट्टीवर पट्टी येते तिथे फट राहू द्यायची नाही, कड पूर्ण बुजवायची. पोकळ पाईपची तोंडं बंद करायची. स्लॅगवर रंग मारला तर स्लॅगचा पापुद्रा रंगासकट निघतो आणि गंज तिथूनच शिरतो, म्हणून चिपिंग (स्लॅग ठोकून काढणं) आणि ब्रशिंग झाल्याशिवाय रेड ऑक्साईडचा डबा उघडायचा नाही. किनाऱ्यावरच्या घराला स्टेनलेस हवं असेल तर ३०४ आणि ३१६ मधला फरक सांगा. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत त्याला गंजाचे टिपके कमी पडतात. गावात फिरून तीन-चार वर्षांचे जुने गेट बघायला न्या. कुठे गंज आलाय ते मुलांनाच शोधू द्या.

लाईट गेली की मार्किंग, हॅकसॉ, फायलिंग आणि वेल्डिंगच्या चिन्हांचं ड्रॉइंग. तो वेळ वाया गेला असं समजू नका, पट्टीची कड सरळ कापता आली नाही तर जोडही नीट बसत नाही.

त्या मुलीच्या वडिलांना वर्कशॉपमध्ये बोलवा, ऑफिसमध्ये नाही. तिला जोड करू दे, मोडू दे, वडिलांना तुकडा हातात देऊ दे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोट्याच्या केमिकल कारखान्यांत पाईपच्या टिग वेल्डिंगला (आर्गॉन वायूच्या आवरणात होणाऱ्या बारीक वेल्डिंगला) स्थिर हात लागतो, आडदांड ताकद नाही. कंपनी पहिल्याच दिवशी टेस्ट पीस करायला लावते, तो कापून वाकवून बघते आणि मग ठरवते. आणि १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली पुढे विद्यावेतनासह शिकायची सोय आहे, हेही त्यांना सांगा. पण त्याआधी तुम्ही एक बघा: तिच्या हाताच्या मापाचे हातमोजे आहेत का? मोठ्या हातमोज्यांत रॉडवरची पकड जाते आणि मग “मुलींना जमत नाही” असं म्हटलं जातं. मास्कचा पट्टा तिच्या डोक्याला घट्ट बसतो का ते बघा. ओढणी नको, टेरीकॉट नको, सुती एप्रन हवा. टेरीकॉट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं, हे मुलांच्या गणवेशालाही लागू आहे. आणि तिला रजिस्टर लिहायच्या, साहित्य वाटायच्या कामाला बसवू नका, चुकूनसुद्धा.

वर्ष एकच आहे, त्यातले पावसाचे महिने असेच जातात. तेव्हा वाट बघू नका. येत्या सोमवारी ६ मिमीच्या दोन पट्ट्या कापून ठेवा, हॅकसॉला नवं ब्लेड लावा आणि वर्ग भरल्यावर मास्क तुम्ही घाला. काय निघालं ते मला कळवा.